दोघंही ख्रिश्चनच, मग अडलंय कुठं?

"अगं, पण दोघंही ख्रिश्चनच ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की उत्तर छापून पर्समध्ये ठेवावं असं वाटायला लागलंय. रूममेटनं विचारलं. जिमच्या ट्रेनरनं विचारलं. ज्या एडिटरला मी तीन वेळा सांगितलंय, तिनंही चौथ्यांदा विचारलं. तेव्हा म्हटलं, या वेळचा कॉलम यावरच. एकदाचं सगळ्यांना कळू दे.

तर झालंय असं, की माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. म्हणजे त्यानं ठरवलंय! बाकीचे सगळे अजून ठरवतायत. साहेब हिंजवडीत आयटीत. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून सोलापूर, आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, सोमवारी सकाळी त्याच गाडीनं परत. मध्येच काही शुक्रवार गाडीत दिसेना. चौकशी केली तेव्हा कळलं, की टीममध्ये वसईची एक मुलगी आहे. हुशार, हसरी, आणि (हे त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं) कॅथलिक.

आम्ही प्रॉटेस्टंट. सोलापूरच्या सीएनआयच्या मंडळीतले.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? ऐका. तिच्याकडे रविवारी 'मिस्सा', आमच्याकडे 'उपासना'. तिच्याकडचे फादर ब्रह्मचारी, आमच्या पाळकसाहेबांना बायको, दोन मुलं आणि एक जुनी स्कूटर. तिच्या घरात माउली मारियाची मूर्ती, आमच्या भिंतीवर नुसता क्रूस आणि एक कॅलेंडर. तिचं आडनाव पोर्तुगीज, आमचं असं चोख मराठी की दर गणपतीला कुणीतरी मला विचारतंच, "तुमच्याकडे दीड दिवसांचा की पाच?" तिच्या आजीची बोली मला दहातली चार वाक्यं कळते, आणि आमच्या वाक्यावाक्याला येणारं 'बे' ऐकून तिची आजी दचकते. घरात येणारी मासिकंसुद्धा वेगळी! त्यांच्याकडे 'सुवार्ता', आमच्याकडे 'ज्ञानोदय', १८४२पासून निघणारं. दोन्ही मराठी, दोन्ही ख्रिस्ती, आणि भाऊ प्रेमात पडेपर्यंत आमच्या घरात 'सुवार्ता'चा एक अंक कुणी पाहिलेला नव्हता.

याचं कारण इतिहासात आहे. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४मध्ये, तिकडचं चर्च तेव्हापासूनचं. आमच्याकडे आले ते अमेरिकन. अमेरिकन मराठी मिशन १८१३मध्ये मुंबईला उतरलं, १८३१मध्ये नगरला पोचलं आणि सोलापूरला त्याचं काम सुरू झालं ते त्यानंतर तीसेक वर्षांनी. म्हणजे एकाच राज्यात, एकाच भाषेत प्रार्थना करणारे दोन समाज, आणि मध्ये तीनेकशे वर्षांचं अंतर. वर पुन्हा मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे.

पहिली बैठक वसईला झाली. जेवण फर्स्ट क्लास, माणसं गोड. पण ताटं उचलता उचलता तिच्या एका आत्यानं आईला अगदी सहज विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?"

हा प्रश्न ज्यांना कधीच विचारला गेला नाही, त्यांना त्यातलं 'सहज' कळणार नाही. वसईतले बरेच ख्रिस्ती आपलं मूळ सामवेदी ब्राह्मणांत सांगतात. आमचे पणजोबा गावकुसाबाहेरचे, मिशनच्या शाळेत अक्षर शिकलेले. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही त्या यादीत नाही. म्हणजे सरकारी कागदावर आमची ती जात नाही, पण सोयरिकीला बसलं की ती बरोब्बर आमच्या शेजारी येऊन बसते. खुर्ची न मागता.

आई एक क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "मूळचे? मिशन कंपाउंडचे." आणि बशी पुढं करून वर, "आणखी थोडी करंजी वाढा की." आत्याबाईंनी वाढली. तो विषय तिथंच संपला. निदान त्या दिवसापुरता.

कागदपत्रांचं प्रकरण त्यामानानं सोपं निघालं. कायदा एकच, १८७२चा इंडियन ख्रिश्चन मॅरेज ॲक्ट. त्यात एक भारी कलम आहे. लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आतच लागलं पाहिजे, काही अपवाद सोडून. मी मित्रमैत्रिणींना सांगते, तुमचा मुहूर्त गुरुजी काढतात, आमचा ब्रिटिशांनी दीडशे वर्षांपूर्वीच काढून ठेवलाय! भावाचा बाप्तिस्म्याचा दाखला सोलापुरातून निघाला, 'मुलगा अविवाहित आहे' हे पाळकसाहेबांचं पत्र निघालं. त्याचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चला मान्य, पुन्हा घ्यायची गरज नाही. इथवर पप्पांचा चेहरा ठीक होता.

मग पप्पांनीच तोडगा काढला. सकाळी वसईत लावू, आठ दिवसांनी सोलापुरात आपल्या चर्चमध्ये लावू. दोन्ही घरं खूश. फादर शांतपणे म्हणाले, "तसं करता येत नाही. विवाहाची शपथ एकदाच." कॅथलिक चर्चच्या नियमांत दुसरा धार्मिक विधी चालतच नाही. सोलापुरात लावायचं असेल तर त्यांच्या बिशपांची वेगळी सूट काढायची, आणि मग वसईत नाही. एकच चर्च. निवडा.

आणि त्यानंतर आलं ते खरं दुखणं. मुलीला लिहून द्यावं लागतं, की होणाऱ्या मुलांना कॅथलिक म्हणून बाप्तिस्मा देण्यासाठी आणि वाढवण्यासाठी मी शक्य ते सगळं करीन. मुलानं काही लिहून द्यायचं नसतं, त्याला फक्त हे माहीत आहे एवढं बघतात. पूर्वी दोघांनाही लिहून द्यावं लागायचं. पोप सहावे पॉल यांनी १९७०च्या मार्चमध्ये ती अट सैल केली. गंमत बघा, त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. एकाच वर्षात दोन्हीकडे भिंती थोड्या खाली आल्या. पण थोड्याच.

भाऊ हसला. "अजून हॉल बुक नाही आणि पोरांचा बाप्तिस्मा?" पप्पा हसले नाहीत. पप्पा तीस वर्षं आमच्या मंडळीत शब्बाथ शाळा घेतात. दावीद-गल्याथ सांगताना अजूनही स्वतः गोफण फिरवून दाखवतात. परतीच्या गाडीत लोणावळा गेलं, दौंड गेलं, तरी बोलेनात. कुर्डुवाडीला चहा घेताना म्हणाले, "म्हणजे माझी नातवंडं माझ्या वर्गात बसणार नाहीत."

यावर काय बोलणार? मी माझा चहा संपवला.

त्या रात्री मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. आमच्या समाजात प्रत्येक घरी 'स्मृतिचित्रे' असतंच, वाचलेलं असो वा नसो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि एका दिवसात नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्या. लक्ष्मीबाई काही काळ राहिल्या कुठं, तर आमच्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, बहिणीकडे. विठोबाच्या दारात! १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण नवऱ्यानं ओढलं म्हणून नव्हे. मधली वर्षं त्यांनी स्वतःशी भांडण्यात घालवली, आणि नंतर त्यांनी ती इतक्या मिश्कीलपणे लिहिली की वाचणारा हसता हसता गप्प होतो. मला टिळकांपेक्षा त्या नेहमीच जास्त आवडतात. टिळक निर्णय घेऊन मोकळे झाले. त्या निर्णयात घर चालवायला उरल्या त्या लक्ष्मीबाई.

हे मी वहिनीला (आता वहिनीच म्हणते) फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मला लिहून द्यायचंय म्हणून सगळे माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जसं काही मी तुमची पोरं पळवणार आहे. मला कुणी विचारलंच नाही, की मला काय वाटतं." खरंच होतं. आम्ही तिच्या बिशपांना विचारलं, फादरना विचारलं, पाळकसाहेबांना विचारलं. तिला नाही.

म्हणून तिला जानेवारीत सोलापूरला बोलावलं. नेमका गड्डा यात्रेचा आठवडा. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं आणि अख्खं शहर अक्षता टाकायला लोटतं. मराठी, कन्नड, तेलुगू, सगळे. पप्पा दरवर्षी लांबून बघायला जातात, 'गावाचं लग्न आहे' म्हणून. तिला नेलं. गर्दीत तिनं विचारलं, "काका, नवरा कुठाय?" पप्पांनी सगळी गोष्ट सांगितली. सिद्धेश्वर योगी, लग्न करणार नव्हते, पण मुलगी हट्टाला पेटली, म्हणून योगदंडाशी. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे इथंही विशेष परवानगीच काढली!" पप्पा जोरात हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. घरी येऊन त्यांनी तिला दावीद-गल्याथ सांगितलं, गोफणीसकट.

लग्न मे महिन्यात वसईला आहे. मिस्साशिवाय, नुसता विवाहविधी. ही सूचना फादरांचीच. मिस्सा ठेवली तर प्रभुभोजनाच्या वेळी अर्धं वऱ्हाड पुढं जाणार आणि मुलाचे आईवडील बाकावर बसून राहणार, ते नको, म्हणाले. पाळकसाहेब शास्त्रवाचन करतील आणि आशीर्वादाची प्रार्थना म्हणतील. मुलांचं काय? ती म्हणते, लिहून देणार, कारण मला तसंच वाटतं. पण सुट्टीत सोलापूरला आली की शब्बाथ शाळेत बसतील, त्याला कोण अडवणार? पप्पा यावर 'बघू' म्हणालेत. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नक्की काय, ते मला अठ्ठावीस वर्षांत कळलेलं नाही.

गेल्या रविवारी उपासनेनंतर खजिनदारकाकांनी पप्पांना रजिस्टर दाखवलं. "पोराचं नाव आता तिकडं जाणार ना? मग इथलं कमी करू का?"

पप्पांनी खिशातून पाकीट काढलं. "वर्षाची वर्गणी घे. पावती फाड." ती झाली. मग म्हणाले, "आणि एक सूनबाईंच्या नावानं."

"ती कुठं मेंबर आहे आपल्याकडे?"

"मग देणगी लिही बे!"

दोन्ही पावत्या पप्पांच्या बायबलमध्ये आहेत. खजिनदारकाकांनी तिचं आडनाव चुकीचं लिहिलंय. मी फोटो काढून तिला पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "चालेल. मेनंतर तसंही बदलायचं की नाही, ते मी अजून ठरवलं नाहीये."