आपली खतावणी, परक्याच्या हाती

गेल्या वर्षी महाविद्यालयांत प्रवेशशुल्काची धांदल चालू असताना, डोंबिवलीजवळच्या मानपाड्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मला गाठले. वडिलांचे कारखान्यातील काम सुटले होते आणि ही गोष्ट त्याने मित्रांपासूनही लपवून ठेवली होती. आदल्या रात्री मात्र शुल्कापुरते कर्ज कोठे मिळेल याचा शोध त्याने आपल्या मोबाइलवर घेतला. सकाळी क्रिकेटचा धावफलक पाहावयास गेला, तर शेजारी तत्काळ कर्जाची जाहिरात. बातम्यांचे पान उघडले, तर तेथेही तीच. "सर, मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं. मग यांना कळलं कसं?" असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते. एखादे पान आपण उघडतो तेव्हा आपला व्यवहार त्या पानाच्या मालकाशीच होतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या पानावर अनेक त्रयस्थ कंपन्यांचे तुकडे जोडलेले असतात. त्यांतील प्रत्येक तुकडा वाचकाच्या यंत्रात 'कुकी' नावाची एक छोटी खूणचिठ्ठी ठेवू शकतो. १९९४ साली ही युक्ती निघाली ती संकेतस्थळाला परत आलेला वाचक ओळखता यावा, एवढ्याच सोयीसाठी. पुढे जाहिरातदारांनी तिचा उपयोग एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या माणसाचा माग काढण्यासाठी केला. आपण पान उघडताच, ते पूर्ण दिसण्याच्या आत, आपल्यासमोर कोणाची जाहिरात लागावी याचा लिलाव होऊन जातो. माझ्या विद्यार्थ्याची अडचण अशा लिलावात विकली गेली, असे मानावयास जागा आहे. मराठीत ब्राउझरला 'न्याहाळक' असा शब्द काहींनी सुचविला आहे. त्यातून आपण जग न्याहाळतो हे खरे. पण जगही आपल्याला न्याहाळत असते, हे त्या शब्दातून नकळत सुचले जाते.

या प्रसंगानंतर मी माझ्यापुरता एक प्रयोग केला. जगातील सुमारे दोन तृतीयांश लोक गूगलचा क्रोम हा ब्राउझर वापरतात. भारतात हे प्रमाण त्याहूनही अधिक आहे. मीही त्यांतलाच. तो बाजूस ठेवून दोन महिने मी फायरफॉक्स वापरला, त्यातील संरक्षणाची पातळी 'कडक' ठेवली आणि जोडीला ब्रेव्ह हा दुसरा ब्राउझर घेतला. बदलास दहा मिनिटेही लागली नाहीत. पाने हलकी झाली. एका ठिकाणी पाहिलेल्या वस्तूने दुसरीकडे पाठलाग करण्याचे प्रमाण बरेच घटले. फायरफॉक्स तर मराठीतूनही वापरता येतो.

परंतु या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही पाने नीट उघडेनात. एका शासकीय संकेतस्थळावर अर्ज भरताना 'अमुकच ब्राउझर वापरावा' अशी सूचना झळकली आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी मला निमूटपणे जुन्याकडे परतावे लागले. शिवाय मी माझ्या खात्यात प्रवेश करून जे काही पाहिले, त्याची नोंद त्या खात्याच्या मालकाकडे होतच राहिली. कोणताही ब्राउझर ती थांबवू शकत नाही. क्रोममधील 'गुप्त' खिडकीवरही अनेकांचा भाबडा विश्वास असतो. ती खिडकी आपल्या यंत्रातील इतिहास पुसते, एवढेच. तीतून होणाऱ्या नोंदींवरून अमेरिकेत २०२० साली दावा दाखल झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीपोटी गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो: खासगीपणा राखणारा हा ब्राउझरही मोफतच मिळतो, मग त्याचा खर्च कोण भागवतो? फायरफॉक्समागील मोझिला संस्थेच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग गूगलकडूनच येतो. शोधयंत्र म्हणून गूगल आधीच बसविलेले असावे, याचा तो मोबदला. अमेरिकेतील न्यायालयाने २०२४ मध्ये शोधाच्या व्यवसायात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. त्या खटल्यात, २०२१ या एका वर्षात अशा मोबदल्यापोटी गूगलने निरनिराळ्या कंपन्यांना २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिल्याचे उघड झाले. तरीही सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्यायालयाने एकाधिकाराचे करार तेवढे बंद केले. पैसे देण्यास बंदी घातली नाही. ब्रेव्हवरही २०२० मध्ये, वापरणाऱ्याने टंकलेल्या पत्त्यास स्वतःच्या दलालीची खूण जोडल्याबद्दल क्षमा मागण्याची वेळ आली होती.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर बाजारातून चांगला माल हळूहळू हद्दपार होतो. खासगीपणाचे नेमके असेच आहे. प्रत्येक कंपनी त्याची ग्वाही देते आणि ती पारखण्याचे साधन शिक्षकाजवळ नाही, कारकुनाजवळही नाही. कार्यालयातील संगणकावर काय असावे हे ठरविण्याचा अधिकारही कारकुनाला नसतो. अशा स्थितीत 'ज्याला काळजी असेल त्याने ब्राउझर बदलावा' असे म्हणणे, म्हणजे भेसळ थांबविण्याऐवजी प्रत्येक गृहिणीला घरी प्रयोगशाळा थाटावयास सांगण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. जाहिरातींमुळेच हे ज्ञान गरीब विद्यार्थ्यालाही फुकट मिळते, ते बंद व्हावे काय, असा तो आक्षेप. उत्तर असे की, जाहिरात आणि पाळत या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोंबिवली स्थानकावरील फलक हजारो प्रवासी पाहतात. फलक मात्र त्यांच्या मागे घरापर्यंत जात नाही. वृत्तपत्रेही जाहिरातींवरच चालत आली आहेत, पण वाचकाने कोणती बातमी किती वेळ वाचली हे छापील अंक कोणास कळवीत नाही. पानाचा विषय पाहून जाहिरात देता येते. त्यासाठी माणसाचा पिच्छा पुरविण्याची आवश्यकता नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न अगदीच नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा रोख मुख्यत्वे कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. कर्ज जाचक होते हे खरेच. पण आपल्याविषयी काय लिहिले आहे हे त्या निरक्षर कुणब्यास वाचताही येत नव्हते आणि न्यायालयात मात्र तेच लिखाण प्रमाण ठरत होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने कर्जबाजारीपणा नाहीसा झाला नाही. तथापि सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, हा ऋणकोचा हक्क त्याने लेखी मान्य केला. आजची खतावणी त्या सावकारी कागदांहून कितीतरी मोठी आहे आणि ती वाचता न येणाऱ्यांत आता पदवीधरांचाही समावेश होतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतही मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्याने नागरिकास आपल्या नोंदींचा गोषवारा मागण्याचा हक्क दिला आहे. संमती घेताना द्यावयाची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांतून, म्हणजे मराठीतूनही, मिळण्याची तरतूद त्यात आहे. मात्र त्याच कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा व्यापक अधिकारही दिला आहे. खासगी सावकाराच्या वहीवर नियंत्रण आणि सरकारी वहीस मोकळीक, ही विषमता समर्थनीय नाही. कर्जाच्या ॲपनी मोबाइलमधील संपर्कयादी व छायाचित्रे यांना हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले. योग्य ठिकाणी नेमका नियम केला तर तो करता येतो, याचे हे उदाहरण होय.

स्वदेशी ब्राउझर हाही उपाय सुचविला जातो. केंद्र सरकारच्या स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये चेन्नईच्या झोहो कंपनीच्या 'उला' ब्राउझरला पहिले पारितोषिक मिळाले. हे स्वागतार्ह आहे. स्पर्धक वाढले म्हणजे मक्तेदारी सैल होते. परंतु सावकार आपल्या गावचा आहे म्हणून त्याची वही आपोआप प्रामाणिक होत नाही. ती तपासता येते किंवा नाही, हाच कस.

तेव्हा मागणी करावयाची ती तीन गोष्टींची. प्रवेश, शिष्यवृत्ती, सातबारा यांसारख्या सार्वजनिक कामांची संकेतस्थळे कोणत्याही प्रचलित ब्राउझरवर चालली पाहिजेत आणि त्यांवर जाहिरात कंपन्यांचे हेर नसावेत. माग न काढणे हा मूळ नियम असावा. ज्याला माग चालतो त्याने तशी संमती द्यावी. आणि मराठीतून सूचना मिळण्याचा कायद्यातील हक्क कागदावर राहू नये; ती सूचना दहावी झालेल्या माणसाला समजेल अशा मराठीत असावी.

त्या विद्यार्थ्याने कर्ज घेतले नाही. शुल्क हप्त्यांनी भरण्याची सोय होऊ शकली. ब्राउझर मात्र त्याने बदलला आणि मीही नव्याकडेच राहिलो आहे. वाचकांनीही तसे करून पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे. पण दाराला कडी लावली म्हणून गावात पहाऱ्याची गरज संपत नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात दिले. ते उत्तर मागण्याचा आणि मिळविण्याचा हक्क त्याला कायद्याने प्रत्यक्षात कधी मिळतो, हे पाहावयाचे आहे.