चॅम्पियन झालात? मग जरा थांबा!

लीग जिंकली की वरच्या लीगमध्ये जायचं. फुटबॉलमधला हा सगळ्यात सोपा नियम. ऑफसाइड समजावून सांगताना भल्याभल्यांची दमछाक होते, पण हा नियम शाळकरी पोरालाही एका वाक्यात कळतो. गंमत अशी, की ज्या जर्मनीचं नाव आपण शिस्तीसाठी आणि फुटबॉलसाठी आदराने घेतो, तिथेच चौथ्या पातळीवर हा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. तिथे लीग जिंकूनही पुढच्या वर्षी पुन्हा त्याच लीगमध्ये खेळायची वेळ येऊ शकते.

ताजं उदाहरण लोकोमोटिव्ह लाइपझिगचं. २०२४-२५ च्या हंगामात या क्लबने ईशान्य जर्मनीची रेगिओनाललीगा, म्हणजे तिथली विभागीय लीग, जिंकली. तरीही बढती मिळाली नाही. त्यासाठी उत्तर विभागाचा विजेता टीएसव्ही हाफेल्से याच्याशी दोन सामने खेळावे लागले. पहिला १-१ असा सुटला. दुसरा लाइपझिगच्या घरच्या मैदानावर होता. तो एक्स्ट्रा टाइममध्ये गेला आणि हाफेल्सेने ३-० असा जिंकला. संपूर्ण हंगामाची कमाई एका संध्याकाळी गेली. त्याच वर्षी बव्हेरियाचा विजेता श्वाइनफुर्ट मात्र एकही जादा सामना न खेळता थेट वर गेला. कारण काय, तर त्या वर्षी पाळी बव्हेरियाची होती.

पाळी? हो, पाळीच. सगळा घोळ इथेच आहे.

पाच विजेते, चार जागा

जर्मन फुटबॉलचा जिना थोडक्यात असा. सर्वांत वर बुंडेसलीगा, मग दुसरी बुंडेसलीगा, मग तिसरी लीग. या तिन्ही देशपातळीवरच्या. त्याखाली चौथ्या पायरीवर देशाचे पाच तुकडे होतात: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैऋत्य आणि बव्हेरिया. या पाच रेगिओनाललीगा. इथून पुढचं फुटबॉल प्रादेशिक संघटनांच्या हातात. कागदोपत्री ते हौशी, पण प्रत्यक्षात बऱ्याच क्लबांत पगारी खेळाडू असतात आणि मोठ्या सामन्यांना हजारोंची गर्दी असते.

विजेते पाच आणि तिसऱ्या लीगमध्ये जागा चार. मग कुणाला तरी बाहेर राहावंच लागणार. सध्याच्या नियमानुसार पश्चिम आणि नैऋत्य विभागाच्या विजेत्यांना दरवर्षी थेट प्रवेश आहे. तिसरी थेट जागा उत्तर, ईशान्य आणि बव्हेरिया यांच्यात आळीपाळीने फिरते. उरलेले दोन विजेते चौथ्या जागेसाठी प्लेऑफ खेळतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर असं समजा, तुम्ही विद्यापीठात पहिले आलात. पण तुमच्या विद्यापीठाच्या टॉपरला थेट प्रवेश दर तीन वर्षांतून एकदाच, आणि ते वर्ष हे नव्हे. तेव्हा आता आणखी एक परीक्षा द्या. शेजारच्या विद्यापीठाच्या टॉपरला मात्र दरवर्षी थेट प्रवेश. चिडाल की नाही?

१९६५ : एकाच उन्हाळ्यात दोन दरवाजे

ही बढतीची स्पर्धा नवी नाही. १९६३ मध्ये १६ क्लबांची बुंडेसलीगा सुरू झाली, तेव्हा तिच्याखाली पाच प्रादेशिक लीग होत्या. त्यांतले अव्वल संघ हंगामाच्या शेवटी दोन गटांत खेळायचे आणि प्रत्येक गटाचा विजेता बुंडेसलीगात जायचा. पहिल्या बुंडेसलीगात बायर्न म्युनिक नव्हता, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. म्युनिकमधून निवड झाली ती १८६० म्युनिकची. १९६४ च्या बढती स्पर्धेतही बायर्नला जमलं नाही, वर गेला नॉयनकिर्शेन. अखेर १९६५ मध्ये बायर्न आणि बोरुसिया म्योंशनग्लाडबाख हे दोन क्लब गट जिंकून वर गेले.

पुढे काय झालं? १९६९ ते १९७७ या नऊ वर्षांतली नऊच्या नऊ विजेतेपदं या दोन क्लबांनी वाटून घेतली. खालून दार उघडं ठेवलं तर वरच्या लीगचं काय भलं होतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा शोधून सापडायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात दुसरंही एक दार उघडलं, ते मैदानाबाहेरचं. आर्थिक नियम मोडल्यामुळे हेर्था बर्लिनला बुंडेसलीगातून काढलं. पण शीतयुद्धाचा काळ, भिंतीने दुभंगलेलं शहर. बर्लिनचा एक संघ बुंडेसलीगात हवाच, असा राजकीय आग्रह होता. बर्लिनच्या लीगचा विजेता नुकताच बढती स्पर्धेत अपयशी ठरला होता. म्हणून तिसऱ्या क्रमांकाच्या टास्मानिया बर्लिनला बोलावणं गेलं. त्या हंगामातल्या ३४ सामन्यांत त्यांनी २ जिंकले, २८ गमावले, १५ गोल केले आणि १०८ खाल्ले. आजही बुंडेसलीगातला सर्वांत वाईट हंगाम म्हणून त्याचंच नाव निघतं. यात बिचाऱ्या खेळाडूंचा दोष नव्हता. खेळून मिळवायची जागा ठरवून दिली की काय होतं, ते तेवढं दिसलं.

दार अरुंद कसं झालं?

त्यानंतर जर्मनीने हा जिना कितीतरी वेळा मोडला आणि पुन्हा बांधला. १९७४ मध्ये दुसरी बुंडेसलीगा आली. १९९१ मध्ये पूर्व जर्मनीची लीग संपली. तिच्यातले फक्त दोन क्लब बुंडेसलीगात आणि सहा दुसऱ्या बुंडेसलीगात घेतले गेले. १९९४ मध्ये तिसऱ्या पातळीवर चार रेगिओनाललीगा आल्या, २००० मध्ये त्यांच्या दोन झाल्या. २००८ मध्ये देशव्यापी तिसरी लीग सुरू झाली आणि रेगिओनाललीगा चौथ्या पायरीवर गेल्या. तेव्हा त्या तीन होत्या. तीन विजेते, तीन जागा. हिशोब चोख.

बिघडलं २०१२ मध्ये. छोट्या क्लबांना लांबचे प्रवास आणि वाढते खर्च झेपेनात, म्हणून तीनच्या पाच लीग केल्या. बढतीच्या जागा मात्र तीनच राहिल्या. पाच विजेते आणि नैऋत्यचा उपविजेता असे सहा संघ, त्यांच्या तीन जोड्या. म्हणजे दरवर्षी किमान दोन विजेते घरी बसणार, हे हंगाम सुरू होण्याआधीच ठरलेलं.

याचा फटका कुणाला बसला ते बघा. २०१३ मध्ये पश्चिमचा विजेता स्पोर्टफ्रॉइंडे लोटे हरला तो आरबी लाइपझिगकडून. तोच आरबी, जो तीन वर्षांनी बुंडेसलीगात पोहोचला. २०१६ मध्ये लोटेने पुन्हा धडक मारली आणि वाल्डहोफ मानहाइम या नैऋत्यच्या विजेत्याला बाहेर ठेवलं. मग वाल्डहोफचे हाल सुरू झाले. २०१७ मध्ये उपविजेते म्हणून ते मेपेनविरुद्ध खेळले. दोन्ही सामने ०-०, आणि शेवटी पेनल्टीवर पराभव. २०१८ मध्ये समोर युर्डिंगन. घरच्या मैदानावरच्या दुसऱ्या सामन्यात संघ मागे पडल्यावर प्रेक्षकांनी फटाके पेटवून फेकले आणि सामना अर्धवट थांबवावा लागला. सलग तीन वर्षं दारापर्यंत जाऊन परत. २०१९ मध्ये नैऋत्यच्या विजेत्याला थेट जागा मिळाली आणि त्याच वर्षी लीग जिंकून वाल्डहोफ एकदाचा वर गेला.

हुल्लडबाजीचं समर्थन कुणीच करणार नाही. पण दहा महिन्यांचं भवितव्य दोन सामन्यांवर टांगलं की तिथे केवढा ताण साठतो, हेही समजून घ्यायला हवं. क्लबांसाठी हा पैशाचाही प्रश्न आहे. जर्मनीत खेळाडूंचे करार साधारणपणे ३० जूनला संपतात. प्लेऑफ मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. पुढच्या वर्षी आपण तिसऱ्या लीगमध्ये असू की चौथ्या, हेच माहीत नसताना संघ कसा बांधायचा, प्रायोजकांना काय सांगायचं?

दुसरी बाजूही ऐका

ईशान्य विभागात मुख्यतः जुन्या पूर्व जर्मनीतले क्लब आहेत. तिथे जुनी मोठी नावं आहेत, प्रेक्षक आहेत आणि १९९१ पासूनची सलही आहे. लोकोमोटिव्ह लाइपझिगचंच बघा. १९८७ मध्ये हा क्लब युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात आयाक्सकडून हरला होता. पुढे दिवाळखोरी आली आणि २००४ मध्ये चाहत्यांनी अगदी तळाच्या लीगपासून पुन्हा सुरुवात केली. तिथून चढत चढत २०२० मध्ये ते प्लेऑफला पोहोचले. व्हेर्लविरुद्ध २-२ आणि १-१, एकही पराभव नाही. तरी बढती नाही, कारण तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचे गोल जास्त मोजले जात. पाच वर्षांनी पुन्हा तेच दार, पुन्हा बंद. 'विजेत्यांना बढती मिळालीच पाहिजे' ही मोहीम ईशान्येतल्या क्लबांनी २०२५ मध्ये जोरात लावून धरली, ती उगाच नाही.

पण पश्चिम आणि नैऋत्यवाल्यांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. आमच्याकडे नोंदणीकृत संघ जास्त, म्हणून आमचा वाटा पक्का, असा त्यांचा युक्तिवाद. तिसऱ्या लीगची अडचण वेगळी. २० संघांपैकी आताच चार खाली जातात. पाच केले तर दर हंगामात एक चतुर्थांश लीग बदलणार. मग राहतो एकच सरळ उपाय: पाचच्या चार लीग करा आणि चारही विजेते वर पाठवा. पण कुठली लीग मोडायची? बव्हेरियाला स्वतःची लीग प्रिय. उत्तर आणि ईशान्य एकत्र केले तर प्रवास पुन्हा लांबणार, आणि त्यासाठीच तर २०१२ चा बदल केला होता. प्रत्येकाला सुधारणा हवी आहे, फक्त ती शेजाऱ्याच्या अंगणात व्हायला हवी!

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. बढतीचे नियम मैदानावर ठरत नाहीत, ते संघटनांच्या बैठकीत मतांनी ठरतात. ज्याच्यामागे संख्या, त्याचं दार रुंद. पण लीग हा खेळाडूंना दिलेला शब्द असतो. इतरांपेक्षा सरस खेळा, वर जाल. हा शब्द विभाग बघून बदलत असेल तर गुणतक्त्याला अर्थ काय राहिला? प्रवासाचा खर्च वाटून घेता येतो, त्यासाठी मदतनिधी उभारता येतो. हुकलेलं वर्ष मात्र कुणी परत देत नाही.

आपल्याकडे काय?

जर्मनीला नावं ठेवण्याआधी आपल्या घरात डोकावलेलं बरं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या आयएसएलमध्ये आय-लीग जिंकून बढती मिळवणारा पहिला क्लब म्हणजे पंजाब एफसी. त्यासाठी २०२३ उजाडलं. पुढच्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग वर गेला. २०२४-२५ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण झाले, इंटर काशीचे ३९. पण अपात्र खेळाडू खेळवल्याच्या एका सामन्याचा वाद मिटता मिटेना. अपील समितीने चर्चिलला विजेता ठरवलं आणि जुलै २०२५ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने तो मान इंटर काशीला दिला. लवादाचा निकाल आला तेव्हा हंगाम संपून तीन महिने झाले होते.

तिथे नियम स्पष्ट आहे, पण असमान. इथे वर जायचा नियम आहे, पण विजेता कोण हेच वेळेत ठरत नाही. भरडले जातात ते मात्र दोन्हीकडे तळातून वर येऊ पाहणारे क्लब, आणि त्यांत तुमच्या-माझ्या वयाची पोरं खेळत असतात. आयएसएलच्या भवितव्यावर चर्चा होते तेव्हा ती बहुतेकदा प्रक्षेपणाच्या हक्कांवर आणि परदेशी खेळाडूंवर अडकते. त्या चर्चेत आपण एक साधा प्रश्न विचारायला हवा: खालून वर यायचा रस्ता कुठला, आणि तो दरवर्षी, सगळ्यांसाठी सारखाच उघडा राहणार आहे का? १९६५ मध्ये तो उघडा होता, म्हणून बायर्न म्युनिक आज आपल्याला माहीत आहे.