फोन धरला तर दंड, रेडिओचा माईक धरला तर सूट: अमेरिकेच्या नियमातली गोम काय?

अमेरिकेत ट्रक चालवताना फोन हातात धरून बोललात, तर 2012 च्या केंद्रीय नियमानुसार 2,750 डॉलरपर्यंत दंडाची तरतूद झाली. पण त्याच ट्रकमध्ये सीबी रेडिओचा माईक उचलून बोललात, तर हा नियम लागू होत नाही. असं का?

माईक म्हणजे एकच बटण

नेहमीच्या सीबी रेडिओचा डबा डॅशबोर्डला पक्का बसवलेला असतो. चॅनल आणि आवाजाची बटणं डब्यावर, माईकवर फक्त एक बटण. दाबा, बोला, सोडा. रस्त्यावरून नजर हलवायची गरज नाही.

मग बदललं काय?

आता डॅशबोर्डवर मोठ्या स्क्रीन आल्या, रेडिओला जागा उरली नाही. त्यामुळे युनिडेनचा सीएमएक्स 760 किंवा मिडलँडचा एमएक्सटी 275 यांसारख्या रेडिओंमध्ये डबा सीटखाली लपवता येतो. चॅनल, आवाज, खरखर कमी करायचं बटण आणि छोटी स्क्रीन, सगळं माईकवरच. जागा वाचते, वायरिंग नजरेआड जातं. पण हा माईक फोनसारखाच बघून वापरावा लागतो.

धोका कुठे आहे?

व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी 2009 मध्ये ट्रकचालकांचा अभ्यास केला. फोनवर नंबर लावताना अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका सुमारे सहापट दिसला. सरासरी 3.8 सेकंद नजर रस्त्यावर नव्हती. ताशी 88 किलोमीटर वेगाने तेवढ्यात ट्रक 93 मीटर पुढे जातो. सीबीवर नुसतं बोलताना मात्र धोका वाढलेला दिसला नाही.

म्हणजे खरी अडचण बोलण्यात नाही, बटण शोधण्यात आहे.

उपाय काय?

बटणं उठावदार आणि वेगवेगळ्या आकारांची हवीत, म्हणजे अंगठ्यालाच ओळखता येतील. चॅनलचा नंबर रेडिओनेच बोलून सांगावा. सेटिंगचा मेन्यू गाडी थांबल्यावरच उघडावा.

आणि भारतात?

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 'हातात धरायची संपर्क साधनं' असा शब्दप्रयोग आहे, नुसता फोन नाही. अमेरिकेचा नियम मात्र अजून यंत्राचं नाव बघतो. चालकाची नजर कुठे आहे, हा प्रश्न त्यात मागेच राहतो.