उडीचा परवाना

बडोद्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची कन्या शिक्षणासाठी अमेरिकेत असते. सुट्टीत ती एकदा विमानातून हवाई छत्रीने उतरली, आणि आता ही विद्या रीतसर शिकून तिला परवाना मिळवावयाचा आहे. "एकदा हौस झाली, ते ठीक; पण पुन्हा पुन्हा कशासाठी?" असा मातेचा प्रश्न आहे. मुलगी सज्ञान आहे, तेव्हा अनुज्ञेची गोष्ट उरत नाही. काळजीची मात्र उरते. ती कोरड्या आश्वासनाने जाणारी नव्हे. तथापि हा परवाना नेमका कशाचा असतो हे कळले, तर काळजी कोणत्या गोष्टीची करावी एवढे तरी ठरविता येईल.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, कन्येची ती पहिली उडी बहुधा उडी नव्हतीच. प्रवाशास प्रशिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी जखडतात आणि दोघे एकाच छत्रीखाली उतरतात. उंची पाहणे, छत्री उघडणे, वारा ओळखून जमिनीस लागणे, हे सारे प्रशिक्षक करतो. टांग्यात बसणे आणि टांगा हाकणे यांत जेवढे अंतर, तेवढेच येथे आहे.

शिकणाऱ्याचा पहिला दिवस बव्हंशी जमिनीवर जातो, आणि त्यातील मोठा भाग छत्री नीट न उघडल्यास काय करावे याच्या पाठांतरात जातो. पाठीवरच्या साजात दोन छत्र्या असतात, एक मुख्य व एक राखीव. मुख्य छत्री उघडल्यावर तीन गोष्टी पाहावयाच्या: ती पूर्ण फुलली आहे काय, वळविता येते काय, आणि उतरताना वेग आवरता येईल काय. उत्तर नकारार्थी असेल, तर उजवी मूठ ओढून मुख्य छत्री सोडून द्यावयाची आणि लगेच डावी मूठ ओढून राखीव उघडावयाची. क्रम चुकता कामा नये. विद्यार्थ्यास ही क्रिया टांगलेल्या साजात लोंबकळत पुन्हा पुन्हा करावी लागते. विचार न करता हात मुठीकडे जाईपर्यंत सुटका नाही.

यातील मर्माची गोष्ट उंचीची आहे. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याने २,५०० फुटांपर्यंत निर्णय घेऊन टाकलाच पाहिजे. त्याखाली बिघडलेल्या छत्रीशी झटापट करीत बसावयाचे नाही. मोकळे पडणारे माणूस पहिल्या दहा सेकंदांत सुमारे १,००० फूट खाली येते. पुढे वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि प्रत्येक १,००० फुटांस साडेपाच सेकंद लागतात. या हिशेबाने २,५०० फूट म्हणजे चौदा सेकंद देखील नव्हेत. "आणखी एकदा दोऱ्या ओढून पाहू" ही मनुष्यस्वभावाची चिकाटी एरवी स्तुत्य असेल. तेथे ती घातक ठरते.

एके काळी असा समज होता की, मोकळे पडणाऱ्याची शुद्धच हरपते, मग तो छत्री काय उघडणार! लेस्ली अर्विन याने २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील डेटन येथे विमानातून उडी टाकून, पडता पडता स्वतःच्या हाताने छत्री उघडून हा समज खोटा ठरविला. उतरताना त्याचा घोटा मोडला खरा, पण शुद्ध शाबूत होती.

आपल्याकडे ही विद्या मुख्यतः सैन्याची. आग्र्याच्या शाळेत जवान पाच उड्या पुऱ्या करून छातीवर पंखांचे चिन्ह लावतो. हवाई दलातील डॉक्टर गीता चंदा यांनी १९५९ साली ती उडी मारली. छत्रीने उतरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मात्र जवानाची छत्री बहुधा विमानास जोडलेल्या पट्ट्याने आपोआप उघडते, कारण त्याचे खरे काम जमिनीवर सुरू व्हावयाचे असते. ११ डिसेंबर १९७१ रोजी तंगाईल येथे उतरलेली छत्रीधारी पलटण मूळची मराठ्यांची तिसरी बटालियन होती. तिला उडी हे केवळ वाहन होते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी तर २००४ मध्ये आपली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली. ते धाडस निर्विवाद. परंतु परवान्याची परीक्षा धाडसाची नसते.

ती कशाची असते हे विद्यार्थ्याच्या हातातील कार्डावर दिसते. सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून बरोबर पडतात. वाऱ्याच्या गर्जनेत बोलणे अशक्य, म्हणून बोटांची भाषा: दोन बोटे दाखविली की पाय ताणावयाचे, अंगठा खाली केला की पोट पुढे काढून शरीराची कमान करावयाची. मग एकच प्रशिक्षक, आणि पुढे कोणीच नाही. डावीउजवीकडे वळणे, उलटेपालटे होऊन पुन्हा स्थिर होणे, इतरांपासून दूर सरकणे, आपली छत्री स्वतः घडी करून बांधणे, ठरल्या जागेपासून वीस मीटरांच्या आत पाच वेळा उतरणे, अशा एकेका बाबीपुढे प्रशिक्षकाची सही घ्यावी लागते. किमान २५ उड्या झाल्या आणि शेवटची परीक्षा-उडी उतरली, म्हणजे पहिल्या पायरीचा परवाना मिळतो. पुढील पायऱ्या ५०, २०० आणि ५०० उड्यांच्या.

आता भयाविषयी. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांच्या यंत्राने १९९१ पासून मोठा फरक पडला. उडी मारणारा बेशुद्ध असला वा उंचीचे भान विसरला, तर सुमारे ७५० फुटांवर ते राखीव छत्री स्वतःच उघडते. २०२३ साली अमेरिकेत सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसे दगावली. आकडा लहान आहे, शून्य नाही. विशेष असे की, अनेक अपघात छत्री उत्तम उघडलेली असताना होतात: सरावलेला माणूस जमिनीजवळ वेगाने वळण घेतो, आणि तेथे कोणतेही यंत्र त्याच्या मदतीस येत नाही. म्हणून नवशिकीच्या भयापेक्षा शंभर-दोनशे उड्यांनंतरच्या निर्धास्तपणाची काळजी मातेने अधिक करावी, असे मला वाटते.

कन्येचा फोन आला की "भीती नाही ना वाटत?" असे विचारू नये; त्यास ती "नाही" म्हणेल आणि दोघींसही काही कळणार नाही. राखीव छत्री परवानाधारक कारागिराने शेवटची केव्हा बांधली, हे विचारावे. अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी उघडून नव्याने बांधलेली असावी लागते. निर्णयाची उंची कोणती, हेही विचारावे. आणि वाऱ्यामुळे उडी न मारता ती कितीदा परतली, हे तर अवश्य विचारावे. विद्यार्थ्यासाठी वाऱ्याची मर्यादा ताशी सुमारे २२ किलोमीटर आहे. त्यापुढे प्रशिक्षक त्यास विमानात चढू देत नाही, आणि दिवस मैदानाच्या कडेला बसून काढावा लागतो. परवाना मिळाल्यावर नियमात अशी मर्यादा उरत नाही. आज वर जावे की खाली बसावे, हे त्या दिवसापासून तिचे तिने ठरवावयाचे असते.