टाळ्या कलेला, अवहेलना कलावंताची

बीजिंगच्या हुगुआंग भवनाची वास्तू 1807 सालची. तिथल्या जुन्या रंगमंचासमोर चिनी ऑपेरा पाहायला बसलेल्या आमच्यासारख्या परक्याला भाषा कळत नाही, पण खेळ कळू लागतो. लाल रंगवलेला चेहरा निष्ठावंताचा, पांढरा कपटी माणसाचा. नटाने हातातला चाबूक फिरवला की घोडा आलाच! एक टेबल, दोन खुर्च्या. त्यातूनच दरबार उभा राहतो आणि डोंगरही. जाणकार मध्येच ‘हाओ!’ अशी दाद देतात.

परंतु रंग पाहून, फोटो काढून उठणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. बीजिंगमधील अशी भवने त्या त्या प्रांतातून राजधानीत येणाऱ्यांसाठी बांधलेली होती. सरकारी परीक्षेचे उमेदवार तेथे उतरत. अधिकारपदाची मुख्य वाट या परीक्षेतूनच जात असे. आणि रंगमंचावरचा नट? छिंग राजवटीने त्याला हीन लोकांत गणले होते. त्यालाच नव्हे, त्याच्या मुलाला व नातवालाही परीक्षेची दारे बंद होती. म्हणजे गळा हवा, माणूस नको! तमाशाला दौलतजादा उधळून कलावंताला गावकुसाबाहेर ठेवणारा समाज आम्ही पाहिला आहे. आम्हाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

2010 साली युनेस्कोने पेकिंग ऑपेराला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. हा गौरव योग्यच आहे. मात्र वारसा सांगताना ती दारे कोणी बंद केली होती, हेही सांगितले पाहिजे. कलावंताच्या प्रतिष्ठेवाचून कलेचा गौरव अपुराच!