पहारा संकलन केंद्रावर हवा

मार्च 2023 मध्ये श्रीगोंदा तालुक्यात अन्न व औषध प्रशासनाने दूधभेसळीविरोधात छापे टाकले, तेव्हा व्हे परमिएट पावडर आणि लाइट लिक्विड पॅराफिन हाती लागले. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची बातमी म्हणून कोपरगावकरांनी ती विसरू नये. इथे गोदावरी कालव्यांच्या पाण्यावर चारा पिकतो, दुधाच्या पगारावर हजारो घरांचा प्रपंच चालतो आणि शेजारच्या शिर्डीत भाविक विश्वासाने पेढे घेतात.

संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर. तेल मिसळून फॅट वाढवून दाखवता येते, पावडर मिसळून एसएनएफ. दर ठरवणारे यंत्र आकडा दाखवते. तो कासेतून आला की पिंपातून, हे सांगत नाही. टँकरमध्ये सगळ्यांचे दूध एक झाले की एकाच्या लबाडीचे पाप गावाच्या माथी येते आणि जप्तीत प्रामाणिक उत्पादकाचे दूधही मातीत जाते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 कमजोर नाही. अधिकाऱ्याला नमुना घेता येतो, साठा जप्त करता येतो; अन्न विश्लेषकाचा अहवाल 14 दिवसांत अपेक्षित आहे. असुरक्षित अन्नाने जीव गेला तर जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. माल कमी दर्जाचा एवढेच ठरले तर मात्र कमाल पाच लाखांच्या दंडावर भागते. म्हणूनच नमुना घेण्यात, सील करण्यात वा थंड ठेवण्यात झालेली हयगय भेसळखोराच्याच पथ्यावर पडते.

शिवाय सगळाच धोका भेसळीचा नाही. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातील 6,432 नमुने तपासले. भेसळ आढळली 12 नमुन्यांत. बुरशी लागलेल्या चारा-पेंडीतून उतरणारे ॲफ्लाटॉक्सिन एम-1 मात्र 368 नमुन्यांत मर्यादेबाहेर होते. हे विष छाप्याने थांबणार नाही.

म्हणून प्रशासनाने सणांची वाट न पाहता संकलन केंद्रांवर अचानक तपासणी करावी आणि प्रत्येक जप्तीचा अहवाल व निकाल तालुक्यात जाहीर करावा. दूध संघांनी भेसळीच्या चाचण्या केंद्रावरच कराव्यात, पशुखाद्याचीही तपासणी करावी आणि कोरडा चारा साठवण्याचे शिक्षण गोठ्यापर्यंत न्यावे. दोषी कितीही वजनदार असो, त्याचे दूध संघाने पुन्हा स्वीकारू नये. चोख दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचे एवढे देणे आपण लागतोच.