शनिवारचा आकडा गेला कुठे?

मित्रहो, मेसच्या जेवणाला पाचपैकी मार्क द्यायचा फॉर्म आपण सगळ्यांनीच कधी ना कधी भरलाय. रविवारच्या फीस्टला पाच, मंगळवारच्या पडवळाला एक. सरासरी तीन. म्हणजे मेस 'ठीकठाक'! आता मंगळवारी बिस्किटं खाऊन झोपलेला पोरगा त्या तीनमध्ये कुणाला दिसतो का? नाही ना? मग पुढचं वाचा.

गेल्या सुट्टीत मी आपल्याच लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका कंपनीत ट्रेनिंगला होतो. मी कॉम्प्युटरचा, त्यामुळे साहेबांनी काम दिलं तेही तसंच. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या लॉगबुकातली पीएचची रीडिंग्ज कॉम्प्युटरवर चढवायची आणि पॉवर बीआयमध्ये एक झकास डॅशबोर्ड बनवायचा. तीन शिफ्ट, ३१ दिवस, एकूण ९३ रीडिंग्ज. मनात म्हटलं, हे तर एका दुपारचं काम!

पहिल्याच दिवशी फजिती. स्क्रीनवर मोठ्ठा आकडा आला, ६६८.४. पीएचची पट्टी शून्य ते चौदा, आणि आमचं पाणी थेट सहाशेच्या वर! झालं होतं असं की, आकड्यांचा कॉलम उचलून टाकला की हे सॉफ्टवेअर आपणहून त्याची बेरीज करतं. त्याला काय ठाऊक, पीएचची बेरीज करायची नसते ते! मी घाईघाईने बेरजेच्या जागी सरासरी निवडली. ७.१९. पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा ५.५ ते ९, त्यामुळे चौकोन हिरवागार. साहेब खूष, मीही खूष.

खूष नव्हते ते फक्त ऑपरेटर काका. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "अरे बाळा, शनिवारच्या रात्रीचा कुठं गेला?"

वही उघडली. शनिवार, तिसरी शिफ्ट, पीएच ४.१. त्या रात्री डोसिंग पंप बंद पडला होता. काकांनी बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, पाणी परत टाकीत घेतलं आणि पहाटेपर्यंत हाताने कॉस्टिक घालत बसले. थेंबभर पाणी बाहेर गेलं नाही. पण आमच्या हिरव्या चौकोनात त्या रात्रीचा मागमूससुद्धा नव्हता. ते एक रीडिंग ७.२ असतं, तर सरासरी ७.२२ आली असती. एका माणसाच्या रात्रभराच्या जागरणाची किंमत काय, तर ०.०३!

संध्याकाळी हॉस्टेलवर हे सांगितलं तर केमिकलचा रूम पार्टनर आणखीनच तापला. "पीएचची अशी साधी सरासरी काढतात का रे? ४ आणि १० ची सरासरीसुद्धा ७ येईल, मग ते काय पिण्याचं पाणी झालं?" त्याचं म्हणणं बरोबरच आहे. पीएचचं मोजमाप लॉगरिदमवर चालतं. ७ च्या जागी ४ आला म्हणजे आम्लता तीन पट नव्हे, हजार पट!

आता मूळ मुद्दा. पॉवर बीआय २०१५ साली सर्वांसाठी खुलं झालं आणि त्याच्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती जवळजवळ दर महिन्याला येते. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने फॅब्रिक आणलं, त्याच सुमारास कोपायलटची घोषणा झाली. साध्या वाक्यात सांगा, रिपोर्ट तयार! फेब्रुवारी २०२४ मध्ये चार्टवरच गणित मांडायची सोय आली. चालती बेरीज, चालती सरासरी, सगळं एका ओळीत. आपली पोरं दर महिन्याला हे नवीन काय आलं ते बघतात आणि बायोडेटात लिहितात. लिहावंच. मीही लिहिलंय. पण माझं स्पष्ट मत आहे की यातल्या एकाही सोयीने माझा शनिवार आपणहून शोधून दिला नसता. चालती सरासरी लावली असती, तर तो खड्डा उलट आणखी बुजला असता!

मग काय पुन्हा वहीच कुरवाळत बसायचं? मुळीच नाही. शनिवार सापडला तोही त्याच सॉफ्टवेअरमध्ये. बेरीज आणि सरासरी ज्या मेनूत आहेत, त्याच मेनूत किमान आणि कमाल असतात, आणि ते काही कालच्या अपडेटमध्ये आलेले नाहीत. मी किमान पीएच दाखवला, मर्यादेबाहेरच्या रीडिंग्जची संख्या दाखवली आणि शेजारी वहीतला शेरा जोडला. मागच्या दोन महिन्यांची वही चढवली, तेव्हा असंच आणखी दोनदा झालेलं निघालं, आणि दोन्ही वेळा तोच पंप! तेव्हा कुठे पंपाचं काम निघालं. काका म्हणाले, "आता तुझ्या टीव्हीत मी दिसतो." त्या महिन्यातलं माझं खरं सर्टिफिकेट हेच.

गंमत म्हणजे हे त्या कंपनीलाही उमगलेलं दिसतं. २०२५ साली पॉवर बीआयमध्ये डेटा एआयसाठी तयार करून ठेवायची सोय आली. कुठल्या फील्डकडे बघायचं, शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, कुठलं उत्तर तपासलेलं आहे, हे रिपोर्ट करणाऱ्यानेच आधी लिहून द्यायचं. म्हणजे एवढं हुशार यंत्रसुद्धा शेवटी माणसालाच विचारतं, "बाबा, तुला नक्की काय म्हणायचंय?" त्याला उत्तर देता यायला प्लांटमध्ये जाऊन वही वाचावी लागते, काकांशी बोलावं लागतं. ती अपडेट डाउनलोड होत नाही.

आणि इथे जरा आपल्या कॉलरकडेही बघू या. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण काय करतो? सीनियरची जर्नल आणतो आणि रीडिंग्ज 'जमवतो'. ग्राफ कसा सरळ रेषेत! वेडावाकडा बिंदू आला की खोडरबर तयार. चार वर्षं ज्याने शनिवार खोडायचीच सवय लावून घेतली, तो उद्या कंपनीत शनिवार शोधेल कसा?

हा प्रश्न लोट्यात जास्त बोचतो. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मीटर बसवायला सांगितले, त्यात रासायनिक उद्योगही आले. उद्या ते आकडे वाचणारे आपल्यातलेच असणार. इथल्या सामायिक केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी करंबवणेच्या खाडीत जातं, आणि पुढे दाभोळपर्यंत त्या खाडीवर जाळं टाकून पोट भरणारी माणसं आहेत. माशाला महिन्याची सरासरी कळत नाही. त्याला एक वाईट रात्र पुरते.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. व्हायवाला आमचे रंगीबेरंगी चार्ट जरूर बघा, पण त्याआधी कच्ची रीडिंग्ज मागा आणि विचारा, "यातलं सगळ्यात वाईट रीडिंग कुठलं, आणि त्या दिवशी काय झालं होतं?" आमची भंबेरी उडेल, पण उडू द्या. आणि मित्रहो, पुढच्या वेळी मेसचा फॉर्म आला की सरासरीवर थांबू नका, मंगळवारचे मार्क वेगळे मागा.

बघा, पटतंय का!